‘प्रेस’ हा शब्द कसा सोडवायचा

नाशिकरोडला कुणी ‘प्रेसमध्ये आहे’ म्हणालं, तर तो बहुधा पत्रकार नसतो, नोटांच्या छापखान्यात असतो. तोच शब्द इस्त्रीच्या टपरीवर आणि वायनरीतही ऐकू येतो. याचं मूळ शोधायचं तर कोशाआधी वही घ्या.

ऐकलेला प्रत्येक अर्थ अख्ख्या वाक्यात लिहा: ‘शर्ट प्रेस करून आण’, ‘प्रेसनोट पाठवली’, ‘बाबा प्रेसमधून रिटायर झाले’. नुसता शब्द टिपला तर तो नाम आहे की क्रियापद, तेच नंतर कळत नाही. मग प्रत्येक वाक्यातली मूळ क्रिया मराठीत लिहा. शर्टाला ‘दाबणे’ लगेच लागू पडतं. लॅटिन ‘प्रेमेरे’चा अर्थही तोच, जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला.

पण बातमीदार काय दाबतो? इथे मधली पायरी शोधावी लागते, आणि ती द्राक्षांत सापडते. रस काढायला युरोपात लाकडी स्क्रूचं यंत्र होतं, तेही प्रेसच. १४५०च्या सुमारास माइन्झमध्ये गुटेनबर्गने तशाच यंत्राने शाई लावलेल्या खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, कागद दाबला. पुढे यंत्राचं नाव छापखान्याला, छापखान्याचं वर्तमानपत्रांना आणि त्यांचं बातमीदारांना मिळालं. १९२८पासून नोटा छापणारी नाशिकरोडची प्रेस या साखळीत मधोमध बसते. वायनरीत तर आरंभीचा अर्थ अजून रोज वापरात आहे: हवेने फुगणारी पिशवी द्राक्षं दाबते, पांढऱ्या वाइनसाठी आंबवण्याआधी, लालसाठी आंबवल्यानंतर.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सारख्या स्पेलिंगने. खलाशांना जबरदस्तीने आरमारात भरती करणाऱ्या ‘प्रेस-गँग’मधला प्रेस दाबण्यातून आलेला नाही. तो ‘प्रेस्ट’, म्हणजे भरतीच्या वेळी हातावर ठेवलेली उचल. पुढे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. म्हणून कोशात एकाच स्पेलिंगच्या वेगळ्या नोंदी, त्यांचे बारीक १, २ हे आकडे आधी बघा. शिवाय पहिला दिलेला अर्थ सर्वांत जुना असेलच असं नाही. बरेच कोश आधी प्रचलित अर्थ देतात. कालक्रमासाठी ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोशच पाहावा.

हीच रीत पंचवटी एक्स्प्रेसला लावून बघा. ‘एक्स्प्रेस’ म्हणजे मुळात दाबून बाहेर काढलेलं, म्हणून स्पष्ट सांगितलेलं. स्पष्ट सांगितलेलं, म्हणून खास त्याच कामाचं. खास एका ठिकाणासाठी सोडलेली गाडी, आणि मग वेगाने जाणारी गाडी.