खर्रा खाणाऱ्याचं तोंड घरी कसं पाहायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा ताई आहे. आमच्याकडे वावरात जाणाऱ्या निम्म्या माणसांच्या खिशात खर्र्याची, म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून केलेल्या मिश्रणाची, पन्नी असते. तोंडाचा कॅन्सर लवकर कळावा म्हणून अशा माणसाचं तोंड महिन्यातून एकदा पाहाच.

चूळ भरायला लावून अंगणात उजेडात बसवा. आधी त्याची स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, दातांमधून आत जातात का पाहा. मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका भावाची दोनच गेली. "मले काहीच दुखत नाही ना ताई," म्हणे. पण तिखट झोंबतं म्हणून त्याची बायको वर्षभर त्याची भाजी वेगळी काढत होती! गाल आतून पांढरट, दोरीसारखा ताठ लागला. हे सुपारीचं काम. तंबाखू नसली तरी होतं.

मग मोबाइलचा टॉर्च लावा. चमच्याच्या दांडीनं गाल ओढून, खर्रा जिथं दाबून ठेवतो ती जागा नीट पाहा. जीभ फडक्यात धरून दोन्ही कडा पाहा, जिभेखालीही पाहा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, बोटाला लागणारी कडक गाठ, जबड्याखाली किंवा मानेत गोळा, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.

दुखत नाही म्हणून लोक फसतात. तोंडाच्या आतल्या पेशी सतत झडतात, तेवढ्याच नव्या येतात. तंबाखू-सुपारीनं पेशीतला डीएनए बिघडला की "आता पुरे" हा निरोप तिला कळेनासा होतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत गाठ धरते. सुरुवातीला ती बहुतेकदा दुखत नाही, आणि उपचार सोपा असतो तो तेव्हाच.

उपकेंद्रात दाखवा, नाहीतर ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टरकडे जा. तुकडा काढून तपासायला सांगितलं तर काढू द्या. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो, हे खरं नाही. राशन कार्ड, आधार कार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचा उपचार होतो.

त्या भावाच्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही. खर्रा सोडून तो आता रोज सकाळी दातांमध्ये आइसक्रीमच्या काड्यांची चळत धरून तोंड उघडायचा व्यायाम करतो. काड्या बायको मोजते.