मोटरहोममध्ये डीईएफ भरताना

डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणजे डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण. ते भरणं हे जेमतेम दहा मिनिटांचं काम. तरीही मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, ते ट्रकपेक्षा जास्त वेळा चुकतं. एक तर गाडीच्या अंगावर झाकणं खूप असतात: डिझेलचं, पिण्याच्या पाण्याचं, डीईएफचं. दुसरं म्हणजे ट्रक रोज धावतो, मोटरहोम महिनोन्महिने एका जागी उभी राहते, आणि टाकीतलं डीईएफ तिथेच जुनं होत जातं. बहुतेक बिघाड या दोन गोष्टींतूनच उगवतात.

ॲडब्लू या नावाने मिळतं तेही हेच द्रावण. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षार काढलेलं शुद्ध पाणी. इंजिनाच्या गरम धुरात, म्हणजे एक्झॉस्टमध्ये, ते फवारलं की युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि एससीआर कॅटॅलिस्टमध्ये (धुराच्या नळीतला, ही क्रिया घडवून आणणारा भाग) त्याची नायट्रोजन ऑक्साइडशी क्रिया होऊन साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. ३२.५ हा आकडा मुद्दाम ठरवलेला आहे. याच प्रमाणात द्रावणाचा गोठणबिंदू सगळ्यात खाली, म्हणजे उणे ११ अंशांवर जातो. त्यामुळे 'थोडं कमी पडतंय, पाणी घालू' हा विचार मनातही आणू नका. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डीईएफ फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बारीक छिद्रात आणि कॅटॅलिस्टवर बसतं, आणि कॅटॅलिस्ट एकदा बिघडला की तो धुऊन नीट होत नाही. शेतीचा युरिया विरघळवून घरी डीईएफ बनवणं याच कारणाने महागात पडतं, कारण त्या खतात दाण्यांवरचा लेप आणि इतर अशुद्ध द्रव्यं असतात.

आधी झाकण ओळखा

डीईएफचं झाकण निळं असतं. अडचण अशी की पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकणही पुष्कळ मोटरहोमवर निळंच असतं. रंगावर विसंबून राहू नका, झाकणावर किंवा त्याच्या शेजारी छापलेलं नाव वाचा. व्हॅनवर बांधलेल्या गाड्यांत डीईएफचं तोंड बहुधा डिझेलच्या झडपेआड किंवा बोनेटखाली असतं. मोठ्या गाड्यांत ते बाजूच्या कप्प्यात असू शकतं. बॉडी बांधणाऱ्याने मूळ चॅसीची रचना बदललेली असते, म्हणून चॅसीचं आणि बॉडीचं, दोन्ही पुस्तकं पाहा. एकदा खात्री झाली की दोन्ही निळ्या झाकणांशेजारी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवून टाका. गाडी दुसरं कुणी चालवणार असेल तर हे केलंच पाहिजे.

चूक झालीच तर पुढचं सगळं तुम्ही त्यानंतर काय करता यावर ठरतं. डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं असेल तर चावी फिरवू नका. इंजिन चालू करणं दूरच, नुसतं इग्निशन ऑन केलं तरी बऱ्याच गाड्यांत डिझेलचा पंप चालू होतो आणि ते द्रावण पाइपांतून पुढे ढकलतो. तिथे त्याचे स्फटिक होतात, धातूला गंज लागतो आणि डिझेलचा हाय-प्रेशर पंप व डिझेलचे इंजेक्टर दोन्ही जातात. गाडी जागेवरच ठेवून टाकी उपसून घ्या. उलट चूक, म्हणजे डीईएफच्या टाकीत डिझेल, तुलनेने कमी होते, कारण डिझेलचं नॉझल डीईएफच्या अरुंद तोंडात सहसा शिरत नाही. पण कॅनमधून ओतताना ती होऊ शकते. डिझेलचा थोडा अंशही तिथली रबरी सीलं फुगवतो. टाकी काढून धुवावी लागते, वरून डीईएफ ओतून भागत नाही. पिण्याच्या पाण्यात डीईएफ पडलं तर पाण्याचा पंप लावू नका, नाहीतर ते बॉयलर आणि नळांपर्यंत पोहोचतं. खालचा व्हॉल्व्ह उघडून टाकी रिकामी करा आणि भरपूर पाण्याने अनेकदा खळखळून काढा.

किती आणि केव्हा

डिझेलच्या साधारण २ ते ६ टक्के डीईएफ खर्च होतं. १०० लिटर डिझेलमागे २ ते ६ लिटर धरा; भरलेली गाडी घाटात चढवताना आकडा वरच्या बाजूला जातो. युरो ६ या युरोपीय प्रदूषण मानकाच्या हलक्या गाड्यांत पहिला इशारा साधारण २,४०० किलोमीटरचं डीईएफ उरलेलं असताना येतो. त्यानंतर डॅशबोर्डवर उरलेलं अंतर उलट मोजत जातं आणि शून्यावर आलं की बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होत नाही. चालू इंजिन अचानक थांबत नाही, धोका मुक्कामाच्या जागी असतो. रात्री कुठेतरी आडबाजूला गाडी बंद केली आणि सकाळी ती उठलीच नाही, अशी वेळ येते. जड गाड्यांत याऐवजी इंजिनाची ताकद आणि वेग कमी केला जातो. आमचं ठाम मत असं की पहिल्या इशाऱ्यालाच भरावं, शेवटच्या आकड्याची वाट पाहू नये.

कॅन विकत घेताना आयएसओ २२२४१ हे मानक, तारीख आणि सीलबंद झाकण पाहा. उघडून ठेवलेला अर्धा कॅन घेऊ नका. साठवणीचं गणित तापमानावर चालतं: सतत २५ अंशांखाली सुमारे १८ महिने, ३० अंशांवर १२ महिने, ३५ अंशांवर जेमतेम ६. मागच्या सामानाच्या कप्प्यात उन्हात तापणारा कॅन म्हणूनच लवकर खराब होतो. १० लिटरच्या कॅनचं वजन ११ किलोच्या आसपास भरतं, आणि मोटरहोम आधीच वजनमर्यादेच्या काठावर असते. सोबत एकच कॅन पुरतो. तो उभा, घट्ट बांधून, सावलीच्या कप्प्यात ठेवा.

भरण्याची पद्धत

गाडी सपाट जागी घ्या. मुक्कामाच्या तळावर चाकांखाली गाडी समतल करणारे (लेव्हलिंगचे) ठोकळे लावलेले असतील तर ते काढा, कारण टाकीतला सेन्सर तिरक्या द्रवाची पातळी चुकीची दाखवतो. इंजिन बंद करा आणि काही मिनिटं थांबा. झाकणाभोवतीची जागा ओल्या, स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. तिथे वाळलेली पांढरी पूड दिसली तर ती मागच्या वेळी सांडलेल्या डीईएफची असते. ती आत पडू देऊ नका. हातमोजे घाला. गरम दिवसात झाकण उघडताच अमोनियाचा भपका येऊ शकतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा.

कॅनसोबत आलेली लवचिक नळीच वापरा. इंजिन ऑइलचं किंवा डिझेलचं नरसाळं कितीही घासलेलं असलं तरी चालणार नाही. दुसरं भांडं लागलंच तर ते प्लास्टिकचं किंवा स्टेनलेस स्टीलचं असावं, पितळ, तांबं, ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेलं नसावं. ते आधी थोड्या डीईएफनेच विसळून घ्या. कॅन असा आडवा धरा की त्याचं हवेचं तोंड वरच्या बाजूला राहील. हवा आत जात राहिली की धार संथ आणि एकसारखी पडते. कॅन एकदम उपडा केला तर तो गचके देतो आणि गळ्यातून डीईएफ उसळतं. बोनेटखाली तोंड असेल तर अशी उसळी थेट वायरिंगच्या कनेक्टरवर जाते. तिथे द्रावण तांब्यात शिरून हळूहळू ते खातं, आणि कित्येक आठवड्यांनी भलताच दिवा लागतो. म्हणून अशा गाड्यांत तोंडावर घट्ट बसणारी, भरलं की आपोआप थांबणारी बाटली घ्यावी.

पंपावर भरत असाल तर ट्रकसाठीच्या जोरदार धारेने लहान टाकी फेसाळते आणि नॉझल लवकर कट होतं. पहिल्या कटला थांबा. वरून 'काठोकाठ' भरू नका. गोठताना द्रावण सुमारे ७ टक्के फुगतं, त्यासाठी मोकळी जागा लागते.

एकावेळी किती घालायचं? बऱ्याच गाड्यांचा सेन्सर ५ लिटरपेक्षा कमी भर घातलेली ओळखतच नाही, आणि इंजिन चालू न होण्यापर्यंत वेळ आली असेल तर याहून जास्त मागतो. पुस्तकातला किमान आकडा पाहूनच कॅन उघडा. झाकण घट्ट लावा, सांडलेलं साध्या पाण्याने लगेच धुवा. वाळलं तर पांढरे डाग पडतात, रंगही खराब होतो. मग इंजिन चालू न करता इग्निशन ऑन करून एक मिनिट ठेवा, त्यानंतर गाडी चालवा. इशारा काही किलोमीटर गेल्यावर मिटला तरी ते नेहमीचंच आहे.

बॅटरीचा स्विच

हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. इंजिन बंद झाल्यावर डीईएफचा पंप पाइपांतलं द्रावण उलट टाकीत ओढून घेतो. बाहेर ऐकलं तर बारीक घरघर ऐकू येते. मोटरहोमवाल्यांना पार्किंगमध्ये पोहोचताच बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायची सवय असते, आणि त्याने हे काम अर्धवट राहतं. उरलेलं द्रावण नळीत आणि इंजेक्टरच्या टोकाशी वाळून स्फटिक होतं, थंडीत गोठून नळी फोडतं. आवाज थांबेपर्यंत, निदान दोन-तीन मिनिटं थांबूनच स्विच बंद करा.

थंडीत टाकीतलं डीईएफ गोठलं तरी इंजिन चालू होतं. टाकीतला हीटर ते वितळवतो. गरम पाणी ओतणं किंवा गोठणविरोधी द्रव्य मिसळणं दोन्ही वर्ज्य.

ताजं भरूनही इशारा जात नसेल तर आधी किती भरलं ते आणि गाडी सपाट उभी आहे का ते तपासा. मग डीईएफसाठीच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणातलं युरियाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) टाकीतला एक थेंब बघा: ३१.८ ते ३३.२ टक्के असेल तर द्रावण ठीक. त्याबाहेर असेल, किंवा गाडी एखादा कडक उन्हाळा उभी होती आणि अमोनियाचा उग्र वास येतो, तर टाकी रिकामी करून नवं भरा. द्रावण ठीक असूनही दोष राहिला तर इंजेक्टरच्या टोकावर साचलेले स्फटिक हे पहिलं संशयाचं ठिकाण. एसीसाठी तासन्‌तास इंजिन आयडलवर ठेवल्याने एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि ते जास्त साचतात. इंजेक्टर काढून कोमट शुद्ध पाण्यात भिजवला की बहुतेक वेळा सुटतात. टोक तारेने खरवडू नका. त्यानंतर गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरने दोषाची नोंद पुसावी लागते, ती आपोआप जाईल याची वाट पाहत बसू नका.