रूफस-बेलीड सीडस्नाइप शोधायला अँडीजमध्ये जाताय? या चुका टाळा

इक्वाडोरला जाणारे आपले बरेच पक्षीवेडे रूफस-बेलीड सीडस्नाइप या पक्ष्यासाठी पापायाक्ता पासवर, म्हणजे राजधानी कितोजवळच्या उंच खिंडीत चढतात, तासभर वाऱ्यात फिरतात आणि खाली येऊन सांगतात की वर काहीच नव्हतं. अहो असतो तो, बऱ्याचदा समोरच असतो, फक्त दिसत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चालत सुटणं. हा पक्षी पळण्याऐवजी जमिनीला चिकटून बसतो, स्पॅनिशमध्ये त्याला आगाचोना म्हणतात, म्हणजे दबून बसणारी, आणि आपण अगदी पायाशी गेलो की ओरडत, वेडंवाकडं वळत उडून जातो, मग आपल्या वाट्याला फक्त पाठ येते. म्हणून एका जागी थांबा आणि दुर्बिणीने जवळची जमीन वीत-वीतभर बघत पुढे सरका. तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गच्च, कडक बुटकी झुडपं पसरलेली असतात, त्यांच्यामधल्या एखाद्या दगडाला डोळा दिसला की तोच समजा! अंगाने तित्तिरासारखा जाडजूड, ३० सेंटीमीटरच्या आसपास, पाठीवरच्या प्रत्येक पिसावर बारीक काळ्या-बदामी रेघा एकात एक, आणि पोट विटकरी.

सीड नावात आहे म्हणून बिया असतील तिथे शोधू नका, हा मुख्यतः कोवळी पानं आणि कळ्या खातो, म्हणून ओलसर, हिरवे पट्टे आधी बघा. आणि तित्तिर तर तो मुळीच नाही, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या गणातला आहे, आपल्या तळ्यातल्या कमळपक्ष्याचा लांबचा नातेवाईक, मला तर हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

पेरू-बोलिव्हियात ग्रे-ब्रेस्टेड सीडस्नाइपशी गोंधळ होतो. तो लहान असतो, पोट पांढरं, नराची मान-छाती राखाडी. इक्वाडोरच्या डोंगरात वर मात्र आपला रूफस-बेलीड हा एकच सीडस्नाइप आहे, तिथे हा प्रश्नच नाही.

आणि प्लीज, कितोला उतरल्या उतरल्या दुसऱ्याच दिवशी वर जाऊ नका. कितो २,८५० मीटरवर, पास ४,००० च्याही वर. आधी दोन-तीन दिवस कितोतच काढा. वर गेल्यावर डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर सरळ खाली उतरा, पक्षी राहू दे. नुसतं धुकं आलं असेल तर मात्र गाडीत बसून थांबा, घाईने परत फिरू नका, जरा उघडलं की रस्त्याकडेच्या झुडपांपासूनच परत बघायला सुरुवात करा.