बोन्साय घडवताना या चुका टाळा: आधी खोड, मग फांद्या, कुंडी सर्वांत शेवटी

बोन्साय करताना सर्वांत महागात पडणारी चूक बहुतेकांच्या हातून पहिल्याच आठवड्यात होते. रोपवाटिकेतून आणलेले, करंगळीएवढ्या खोडाचे रोप लगोलग उथळ, देखण्या कुंडीत लावले जाते. वर फांद्या-पाने मोकळी वाढली आणि खाली मुळांना पसरायला जागा मिळाली, तरच खोड जाड होते. उथळ कुंडीत ही वाढ इतकी मंदावते की पाच वर्षांनंतरही खोड जवळपास करंगळीएवढेच राहते. उथळ कुंडीचे काम घडलेले झाड राखण्याचे आहे. तुमचे रोप आधीच तिच्यात अडकले असेल, तर योग्य हंगामात ते जमिनीत किंवा निचरा होणाऱ्या मोठ्या भांड्यात हलवावे आणि ३ ते ५ वर्षे तिथेच राहू द्यावे. याला जवळची वाट मला तरी सापडलेली नाही.

हलवताना मुळे पाहून घ्यावीत. पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळे गोल फिरलेली असतात, आणि ती तेव्हाच कापली नाहीत तर पुढे जाड होऊन बुंध्यालाच आवळतात.

मोकळे वाढू दिलेले खोड मात्र काठीसारखे एकाच जाडीचे होते. ते बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळते हवे असेल, तर पुरेशी जाडी आल्यावर खोड बरेच खाली छाटायचे, नव्या फुटव्याला शेंडा म्हणून वर न्यायचे, आणि तोही जाडावला की पुन्हा छाटायचे. या काळात झाड बोडके आणि कुरूप दिसते, म्हणून हौशी माणूस मधेच कच खाऊन फांद्यांना आकार देत बसतो आणि खोडाची वाढ तिथेच थांबते. छाटण्यापूर्वी झाडाची जात मात्र पाहावी. फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या जातकुळीतले झाड, पाने नसलेल्या जुन्या लाकडावरही डोळे (नवे अंकुर) फोडतो. जुनिपर या सूचिपर्णी झाडाच्या फांदीवर थोडाही हिरवा भाग ठेवला नाही, तर ती फांदी वाळून जाते.

फांदीला वळण देण्यासाठी तिच्याभोवती तार गुंडाळतात. या तारेच्या बाबतीत मी स्वतः मार खाल्ला आहे. एका फायकसच्या फांदीला ऐन वाढीच्या हंगामात तार गुंडाळली आणि दोन महिने तिकडे वळून पाहिले नाही. पाहिले तेव्हा तार अर्धी सालीत रुतली होती. ती उलटी उलगडून काढण्याच्या नादात साल सोलली गेली आणि पांढरा चीक ओघळू लागला. त्या फांदीवरचे मळसूत्रासारखे वळ अजून दिसतात. तार कधीच उलगडू नये, प्रत्येक वेढ्यावर कटरने कापून तुकड्यातुकड्यांनी काढावी. अॅल्युमिनियमची तार फांदीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश असावी आणि साधारण ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी गुंडाळावी. झपाट्याने वाढणाऱ्या झाडावर ती दर आठवड्याला तपासावी. एखादा वेढा रुतू लागलेला दिसला, तर फांदी वळणात बसलेली नसली तरी तार काढावी आणि काही काळाने वेगळ्या जागेवरून पुन्हा गुंडाळावी. वाकवताना ‘कट्’ असा आवाज आला तर तिथेच थांबावे. चीर अर्धवट असेल, तर ती दाबून बांधून ठेवल्यास बहुधा भरून येते.

खालच्या फांद्या बारीक राहतात किंवा एकेक करून मरतात, ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याकडे असतो, आणि वरचा दाट पसारा खालच्यांचा उजेडही अडवतो. सगळीकडे सारखी कात्री चालवली की हा फरक वाढतच जातो. शेंडा सढळ हाताने छाटावा आणि खालची फांदी हव्या त्या जाडीची होईपर्यंत तिला हातही लावू नये, मग ती कितीही लांब आणि बेढब दिसो.

मुळांची छाटणी, मोठ्या फांद्यांची कापणी आणि तार ही तिन्ही कामे एकाच दिवशी उरकणे ही घाईची परमावधी होय. मुळे कापलेले झाड आधीच पाणी कमी ओढते. त्याला सावरायला एक पूर्ण हंगाम द्यावा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खतही घालू नये. जुनिपर या बाबतीत फार फसवा आहे, कारण तो मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, आणि तो तपकिरी पडू लागला की माणूस महिन्यापूर्वीची चूक सोडून कालच्या पाण्याला दोष देतो.

पाने पिवळी पडली की लगेच खत किंवा औषध शोधू नये, आधी मातीत बोट घालून पाहावे. वरचा थर कोरडा आणि आत चिखल असेल, तर मातीत बारीक धूळ जास्त आहे आणि निचरा बंद पडला आहे. पुढच्या हंगामात कुंडी बदलताना धूळ चाळून काढलेले, साधारण २ ते ६ मिलिमीटर दाण्यांचे मिश्रण वापरावे. याउलट पाणी घालताच ते कडेने वाहून जात असेल आणि मुळांचा गोळा आत कोरडा ठणठणीत असेल, तर कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्याच्या टबात बुडवून ठेवावी.