जेजूला निघालात? मग निदान या चुका तरी करू नका

मार्च उजाडला की माझ्या फोनला पालवी फुटते. दक्षिण कोरियात संशोधनाच्या निमित्ताने काही वर्षं काढली, त्यामुळे ओळखीतलं कुणीही तिकडे निघालं की आधी मला विचारतं. कोल्हापूर-पुण्याकडून संशोधनासाठी कोरियात जाणारी पोरं बरीच आहेत, त्यांचे आईवडील त्यांना भेटायला जातात आणि सगळ्यांनाच जेजू बेट पाहायचं असतं. पहिला प्रश्न ठरलेला: "एक दिवस पुरेल ना? छोटंसं बेट तर आहे."

छोटंसं! पूर्व-पश्चिम सुमारे ७३ किलोमीटर, उत्तर-दक्षिण ३१. आणि मधोमध १,९४७ मीटर उंचीचा हाल्लासान बसलेला. हा ज्वालामुखी म्हणजे दक्षिण कोरियातला सर्वांत उंच डोंगर. उत्तरेला जेजू शहरात ऊन असतं आणि दक्षिणेला सोग्विपोत पाऊस झोडपत असतो, हे मी एकाच दुपारी पाहिलंय. डोंगरावरून १,१०० मीटर उंचीपर्यंत जाणाऱ्या, म्हणून '११०० रस्ता' म्हटल्या जाणाऱ्या वाटेवर धुकं आलं की पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत. अशा बेटाला एका दिवसात प्रदक्षिणा घालणारे लोक जेजू पाहत नाहीत, जेजूतले वाहनतळ पाहतात.

माझी सवय सांगतो. चार रात्री, त्यातल्या दोन पूर्वेकडे सोंगसानजवळ आणि दोन दक्षिणेला सोग्विपोत. रोज एका बाजूचंच पाहायचं. सकाळी जे ठरवलं असेल ते वाऱ्याने मोडलं तर मोडू द्यायचं.

वाऱ्याला गृहीत धरणं

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, म्हणून जरा सविस्तर. जेजूचे लोक आपल्या बेटाला तीन गोष्टींचं बेट म्हणतात: दगड, वारा आणि बायका. वारा हे नुसतं काव्य नाही. दक्षिणेकडून येणारा वारा हाल्लासान ओलांडून उत्तरेला विमानतळावर उतरतो तेव्हा त्याचा वेग आणि दिशा अचानक बदलते, आणि विमानं खोळंबतात. २०१६च्या जानेवारीत तर बर्फ आणि वाऱ्यामुळे विमानतळ जवळजवळ दोन दिवस बंद होता. हजारो लोक पुठ्ठे अंथरून तिथेच झोपले होते.

हे सगळं मी माझ्या एका मित्राला सांगितलं होतं. बायको, मुलगा आणि आई असा त्याचा लवाजमा. शेवटच्या दिवसाचा त्याचा बेत असा: पहाटे सोंगसान इल्चुलबोंग या समुद्रकाठच्या ज्वालामुखी टेकडीवर सूर्योदय, दुपारी जेजूहून सोलला विमान, आणि रात्री सोलहून भारतात परत. म्हटलं, अरे, एक रात्र सोलमध्ये काढ. तर म्हणे, "तासाभराचं तर उड्डाण आहे. हॉटेलचे पैसे उगाच कशाला?"

आता यात दोन खड्डे आहेत. पहिला वाऱ्याचा. दुसरा असा की जेजूची बहुतेक विमानं सोलच्या गिंपो विमानतळावर उतरतात आणि परदेशी जाणारी बहुतेक इंचॉनहून सुटतात. दोन्हींच्या मध्ये रेल्वेने चाळीसेक मिनिटं, शिवाय सामान घ्या, फलाट शोधा, पुन्हा रांगेत उभे राहा. मित्राला वाटत होतं, एकाच इमारतीत या दारातून त्या दारात जायचंय.

त्या दिवशी सूर्योदय दिसलाच नाही, ढग होते. दहा वाजता वारा सुटला. बाराचं विमान दोनवर गेलं, दोनचं चारवर, आणि मग फलकावर लाल अक्षरांत 'रद्द' आलं. पुढच्या विमानात जागा मिळवायला रांग एवढी की तिचं शेपूट बाहेरच्या नारळाच्या झाडांसारख्या दिसणाऱ्या ताडांपर्यंत. मी सोलमधून फोनवर त्याला धीर देत होतो, म्हणजे खरं तर मनातल्या मनात 'सांगितलं होतं' म्हणत होतो. मंडळी गिंपोला उतरली तेव्हा रात्र झाली होती आणि इंचॉनचं विमान गेलेलं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नाही. चौघांची नवी तिकिटं घ्यावी लागली. वाचवलेल्या हॉटेलच्या पैशांत काय काय बसलं असतं, त्याचा हिशोब मी त्याला अजून विचारलेला नाही. त्याच्या आईंनी तेवढ्यात पिशवीतून दशम्या काढल्या आणि म्हणाल्या, "मधे समुद्र आहे, हे तुला ठाऊक नव्हतं का रे?"

म्हणून माझा नियम: जेजूहून निघायचं ते परदेशी विमानाच्या आदल्या दिवशी, तेही सकाळच्या उड्डाणाने. म्हणजे वरच्या चार रात्रींनंतर बेटावरची आणखी एक, शेवटची रात्र जेजू शहरात, विमानतळापासून जवळ. दोंगमुन बाजार तिथेच आहे, संध्याकाळ वाया जात नाही.

वाऱ्याचंच आणखी एक. उदो या छोट्या बेटावर सोंगसानच्या बंदरातून बोटीने पंधरा मिनिटांत पोचता येतं. वारा वाढला की बोटी बंद. शेवटची बोट किती वाजता आहे ते उतरताच पाहून घ्या, ऋतूप्रमाणे वेळ बदलते. तिथलं शेंगदाण्याचं आइस्क्रीम खाल्लं नाही तरी चालेल, पण बोट चुकवू नका.

'व्हिसा लागत नाही' एवढंच ऐकणं

अर्धं वाक्य ऐकून तिकीट काढणाऱ्यांसाठी. भारतीयांना जेजूत व्हिसाशिवाय तीस दिवस राहता येतं हे खरं, पण परदेशातून थेट जेजूच्या विमानतळावर उतरलात तरच. भारतातून थेट विमान नाही, म्हणजे सिंगापूर, तैपेई अशा ठिकाणाहून. सोलमार्गे गेलात तर आधी मुख्य भूमीत शिरावं लागतं आणि तिथे व्हिसा हवाच. जेजूत व्हिसाविना उतरून मग सोल फिरून येऊ म्हणणाऱ्यांनाही तेच उत्तर. तिकिटाआधी वकिलातीचे चालू नियम वाचा, माझ्यासकट कुणाचंही ऐकू नका.

गूगलच्या नकाशावर गाडी हाकणं

कोरियात गूगल मॅप गाडीचा रस्ता धड सांगत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप घ्या. भाड्याच्या गाडीतल्या यंत्रात कोरियन नाव टाइप करत बसू नका, त्या ठिकाणाचा फोन नंबर टाका. उपाहारगृह असो की धबधबा, नंबर टाकला की रस्ता येतो. ही युक्ती ज्याने मला शिकवली त्याला मी अजून दुवा देतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे, आंतरराष्ट्रीय परवाना भारतातून निघतानाच काढायचा आहे. गावात वेगमर्यादा साधारण ५०, शाळांजवळ ३०, आणि कॅमेरे झोपत नाहीत. गाडी नको असेल तर २०१ क्रमांकाची बस पूर्व किनाऱ्याने आणि २०२ पश्चिम किनाऱ्याने जाते. वेळ लागतो, पण खिडकीतून काळ्या दगडांचे बांध आणि संत्र्यांच्या बागा दिसतात. मला विचाराल तर तेच जेजू.

हाल्लासानला चपला घालून जाणं

सोंगपानाकच्या वाटेने शिखर एका बाजूने ९.६ किलोमीटर, ग्वानुमसाकडून ८.७. शिखरावरच्या बेंगनोकदाम या विवरापर्यंत जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, आणि वाटेतल्या चौकीवर ठरलेल्या वेळेआधी पोचला नाहीत तर शिखर समोर दिसत असताना परत पाठवतात. सिंहगड आठवड्याला चढतो म्हणणारे इथे हमखास उशिरा निघतात. जमणार नसेल तर योंगशिलची वाट धरा. शिखराला जात नाही, पण कड्यांचा देखावा सुरेख आहे आणि गुडघे जाग्यावर राहतात.

सोंगसान इल्चुलबोंग महिन्याच्या पहिल्या सोमवारी बंद असतं. मांजांगगुल ही लाव्हाची गुहा दगड कोसळल्यामुळे २०२३ पासून बंद होती, निघण्याआधी चौकशी करा.

जेवणाची वेळ आणि माणसं न मोजणं

इथे आपली मंडळी सगळ्यात जास्त रडतात. दुपारी तीन ते पाच अनेक उपाहारगृहं बंद असतात, स्वयंपाकी मंडळींची विश्रांती. आपण धबधबा पाहून, फोटो काढून, साडेतीनला भुकेने कासावीस होऊन दारात उभे. दारावरची पाटी वाचता येत नाही, आत माणसं दिसतात, कुणी दार उघडत नाही. मग सुरू होतं, "किती उद्धट लोक!" उद्धट नाहीत हो, दमलेत. बारा वाजता जेवा, संपला विषय.

दुसरं, बरेच पदार्थ किमान दोन जणांसाठीच मिळतात. एकट्याने फिरत असाल तर भाजलेल्या मांसाच्या दारात ताटकळू नका, गोगी-गुक्सू मागवा. डुकराच्या मांसाच्या रश्श्यात शेवया, वर मांसाचे काप. एका वाडग्यात काम होतं. काळ्या डुकराचं मांस इथली खासियत आहे. ते अनेक ठिकाणी 'गुन' या मापाने मिळतं, एक गुन म्हणजे ६०० ग्रॅम. दोघांना भरपूर. आणि कृपा करून चिमटा हातात घेऊ नका! वाढणारी बाई जाड तुकडा स्वतः भाजते, कात्रीने कापते, कधी खायचं ते सांगते. आमच्यातला एक जण पापड भाजल्यासारखा तुकडे उलटवत बसला होता. तिने दोनदा हसून चिमटा काढून घेतला, तिसऱ्यांदा हसली नाही. मध्ये ठेवलेली वाटी मेलजोतची, म्हणजे मुरवलेल्या मांदेलीएवढ्या माशांची. वास घेऊन नाक मुरडू नका. मांस बुडवून खा.

गाल्ची म्हणजे आपली वाकटी. हातभर लांब, चांदीसारखी. ताटभर लांबीची अख्खी भाजलेली गाल्ची फोटोसाठी मागवतात आणि बिल पाहून घाम फुटतो. मी गाल्ची-गुक घेतो: माशाचं पातळ सार, त्यात भोपळा, कोबीची पानं, हिरवी मिरची. हळद नाही, कोकम नाही. माझ्या मालवणी सासऱ्यांनी पहिला चमचा घेऊन "ह्यां काय?" विचारलं होतं. वाडगा मात्र रिकामा केला.

शाकाहारींनी 'मांस नको' एवढं सांगून गप्प बसू नये. रस्सा सुकवलेल्या माशांचा असतो, किमचीत मुरवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं, आणि मासा म्हणजे मांस असं सगळ्यांना वाटत नाही. मांस, मासे, रस्सा हे तीन शब्द कोरियनमध्ये फोनवर लिहून ठेवा आणि वेगवेगळे दाखवा. बिंगत्तोक शोधा: कुट्टूच्या पिठाचं पातळ घावन, आत वाफवलेल्या मुळ्याचा कीस. इतकं बेचव की दुसऱ्या घासाला आवडायला लागतं. तव्याला काय लावलंय ते विचारा, पूर्वी चरबी लावत. ओमेगी-त्तोक हा राळ्याच्या पिठाचा गोळा, बाहेरून लाल चवळीसारख्या कडधान्याचं आवरण. इथल्या सच्छिद्र ज्वालामुखी जमिनीत पाणी ठरत नाही, भातखाचरं जवळजवळ नाहीत, म्हणून जुनं जेवण राळा, बार्ली, कुट्टूचं. हे कळल्यावर बाजारातल्या टोपल्या वेगळ्या दिसतात. जेजू शहराचा पाच दिवसांचा बाजार तारखेच्या शेवटी २ किंवा ७ असेल त्या दिवशी भरतो. दोंगमुन रोज असतो, पण गंमत त्या दर पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजारात आहे.

किनाऱ्यावरून शिंपले गोळा करणं

खडकांवरचं कालव, शंख उचलले की कुणीतरी ओरडतं. बरोबरच ओरडतं. ते पाणी गावाच्या मच्छिमार मंडळाचं आणि तिथल्या हेन्यो बायकांचं. या बायका ऑक्सिजनच्या टाकीशिवाय बुडी मारून कमावतात. वर आल्यावर त्यांच्या तोंडून जी लांब शीळ निघते ती ऐकायला थांबा. २०१६ साली त्यांच्या परंपरेची युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्यातल्या बहुतेक जणी आता साठी उलटलेल्या आहेत. तोंडासमोर कॅमेरा धरू नका, आधी विचारा. त्यांनी विकायला मांडलेलं घ्या.

दगडही नको. जेजूचा नैसर्गिक दगड आणि वाळू बेटाबाहेर नेता येत नाही, आणि सामान तपासताना हमखास सापडतो. त्याच मित्राच्या मुलाने खिशात अंडाएवढा काळा, भोकाभोकांचा दगड ठेवला होता. विमान रद्द, बाप चिडलेला, आजी दशमी खातेय, आणि हा पठ्ठ्या तपासणीवर उभा. अधिकाऱ्याने नुसता हात पुढे केला. मुलाने दगड काढून दिला, मग दुसऱ्या खिशातला दुसराही काढून दिला, तो कुणी मागितलाच नव्हता.