'आणि' यादीत, 'उंच' बाहेर

तर्कशास्त्राच्या पहिल्या सत्रात फळ्यावर एक यादी आली: नाही, आणि, किंवा, जर-तर, सर्व, काही, आणि सगळ्यात शेवटी समानतेचं चिन्ह. हे तार्किक स्थिरांक. मी गणिताकडून आलेलो, त्यामुळे यादी पाठ करायला वेळ लागला नाही. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "समानता यादीत आहे, मग 'पेक्षा उंच' का नाही? दोन्ही दोन वस्तूंमधले संबंधच ना?" मी म्हणालो, "पुस्तकात नाही म्हणून." त्या उत्तराला किती गुण मिळाले ते इथे सांगत नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी आधी हे बघावं की त्या यादीवर काय अवलंबून आहे. 'सर्व कावळे काळे आहेत, हा कावळा आहे, म्हणून हा काळा आहे.' इथे 'कावळा' आणि 'काळा' बदलून काहीही घाला, युक्तिवाद टिकतो. 'सर्व' मात्र हलवायचा नाही. काय बदलायचं आणि काय धरून ठेवायचं, या कल्पनेवर तर्कशास्त्रज्ञ बोल्झानोने 1837 मध्ये आणि तर्कशास्त्रज्ञ टार्स्कीने 1936 मध्ये अनुमानाची व्याख्या उभी केली. आता 'पेक्षा उंच' हेही धरून ठेवलं, तर 'अ बपेक्षा उंच, ब कपेक्षा उंच, म्हणून अ कपेक्षा उंच' हा निव्वळ तर्क ठरतो. म्हणजे यादी बदलली की तर्कशास्त्राची हद्दच सरकते. आणि ही हद्द नेमकी आखायला वस्तुनिष्ठ आधार आपल्याला सापडलेला नाही, असं टार्स्कीने त्याच 1936 च्या लेखात कबूल केलं होतं. हे वाचल्यावर मला जरा हायसं वाटलं.

तीस वर्षांनी, 1966 मध्ये, लंडनमधल्या एका व्याख्यानात त्याने एक कसोटी सुचवली. ते छापून आलं 1986 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. सुरुवात तिथूनच करा. ते छोटं आहे आणि चिन्हांची गर्दी नाही. मूळ कल्पना गणितज्ञ फेलिक्स क्लाइनची, 1872 ची: कोणत्या बदलांनंतर काय शाबूत राहतं, यावरून भूमितींची वर्गवारी करायची. टार्स्की म्हणतो, बदलांवर कुठलंच बंधन ठेवू नका. जगातल्या वस्तूंची वाटेल तशी अदलाबदल करा. तरीही जी कल्पना जागची हलत नाही, ती तार्किक.

हे वाचून कळल्यासारखं वाटतं, पण कळत नाही. वही घ्या. तीन माणसं घ्या: अ, ब, क. त्यांच्या क्रमित जोड्या (अ-ब वेगळी, ब-अ वेगळी) नऊ, कारण अ-अ, ब-ब, क-क याही मोजायच्या. प्रत्येक जोडी संबंधात आहे किंवा नाही, म्हणून एकूण संबंध 2 चा नववा घात, म्हणजे 512. आता तिघांच्या जागा सहाच्या सहा प्रकारे बदला. अ-ब ही जोडी फिरत फिरत वेगवेगळ्या माणसांच्या बाकी पाचही जोड्यांवर पोचते, पण अ-अ वर कधीच पोचत नाही. म्हणजे गट दोनच: स्वतःशी असलेल्या तीन जोड्या आणि उरलेल्या सहा. न हलणारा संबंध प्रत्येक गट अख्खा घेतो किंवा अख्खा सोडतो. त्यामुळे 512 पैकी टिकतात फक्त चार: कुणाचाच कुणाशी नसलेला, सगळ्यांचा सगळ्यांशी असलेला, समानता आणि भिन्नता. 'पेक्षा उंच' तिथेच गळतो, कारण उंच आणि बुटक्याची अदलाबदल केली की तो उलटतो. बाईंचं उत्तर मला असं एका रविवारी दुपारी, पेन्सिलने मिळालं.

लगेच खूश होऊ नका. 'अगणनीय (म्हणजे एक, दोन, तीन अशी यादीच करता येणार नाही) इतक्या वस्तू आहेत' हेही या कसोटीत पास होतं, आणि तेवढा मोठा आकडा तर्काचा की गणिताचा, यावर भांडण आहे. तर्कशास्त्रज्ञ मॅगीने 1996 मध्ये आणखी एक खोड काढली: विषयक्षेत्रात, म्हणजे ज्या वस्तूंबद्दल बोलतोय त्यांच्या संचात, वाँबॅट हा प्राणी असेल तर 'किंवा'सारखं, नसेल तर 'आणि'सारखं वागणारं चिन्ह. एकेका क्षेत्रापुरती अदलाबदल केली तर तेही पास! वेगळ्या पण तेवढ्याच आकाराच्या क्षेत्रांमध्येही चिन्हाने सारखंच वागावं, अशी अट घातली की हे अडतं.

यादी ठरवायचा दुसरा रस्ता नियमांचा. तर्कशास्त्रज्ञ गेंत्सनच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ते आणण्याचे आणि काढण्याचे नियम असतात, आणि त्यांतच त्याचा अर्थ. प्रायरने 1960 मध्ये 'टाँक' नावाचं चिन्ह काढून याची मजा केली. आणायचा नियम 'किंवा'चा, काढायचा 'आणि'चा. 'पाऊस पडतोय' वरून 'पाऊस पडतोय टाँक मी कोट्यधीश आहे', आणि त्यावरून थेट 'मी कोट्यधीश आहे'. बेलनॅपने 1962 मध्ये उत्तर दिलं: नव्या चिन्हामुळे जुन्याच शब्दांतला, आधी न निघणारा निष्कर्ष निघता कामा नये. माझ्या मते नवख्याने हे दोन्ही लेख एका बैठकीत वाचावेत, आणि अनंत लांबीची वाक्यं असणाऱ्या भाषांकडे पहिल्या वर्षी वळूच नये. मी वळलो, आणि दोन महिने गेले.

सराव मात्र मराठीतच करा. 'पण' आणि 'आणि' यांचं सत्यता कोष्टक (भाग खरे की खोटे यावरून पूर्ण वाक्य खरं की खोटं, याचा तक्ता) एकच. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेनेही 1879 मध्ये हा फरक चिन्हांबाहेर ठेवला. 'या वर्गात मुलीच आहेत' मधला 'च' कसोटीत टिकतो, पण 'तूच ये ना' मधला 'च' बघायला गेलं तर कसोटीला बसतच नाही. 'पुष्कळ' तर फारच त्रास देतो. रिक्षात सहा माणसं म्हणजे पुष्कळ, लग्नाला साठ म्हणजे अगदीच कमी. माणसं किती एवढ्यावर तो ठरत नाही, कुठली आणि कशासाठी जमलीत यावर ठरतो, म्हणून मी त्याला यादीबाहेर ठेवलाय. 'निम्म्याहून जास्त' मात्र बिनबोभाट आत येतो.