गॅस वेल्डिंग करताना या चुका टाळा: घाबरायचंच असेल तर आधी काळ्या सिलिंडरला

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मरून रंगाच्या डीए सिलिंडरला, म्हणजे ॲसिटिलीन या जळणाऱ्या गॅसला, सगळे जपून असतात. काळा ऑक्सिजन मात्र खुशाल जमिनीवरून गडगडत येतो, त्याला टेकून चहा होतो. ‘ऑक्सिजन काय, हवाच ती!’ गडबड इथूनच सुरू होते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, हे खरं. पण एरवी धुमसणारी वस्तू त्याच्यात भडकून जळते. शिवाय भरलेल्या सिलिंडरमध्ये तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५० किलो प्रेशरने कोंडलेला असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन किलो हवा असते, यावरून काय ते समजा. व्हॉल्व्हवरची लोखंडी कॅप न लावता हलवताना तो आडवा पडला आणि व्हॉल्व्ह तुटला, तर एवढं जड लोखंड भिंत फोडून जाऊ शकतं.

सगळ्यात घातक सवय तेलाची. रेग्युलेटरचा (सिलिंडरचं प्रेशर कमी करून देणाऱ्या भागाचा) नट घट्ट फिरतो म्हणून कुणीतरी तेलाचा थेंब सोडतो, किंवा ग्रीसने माखलेल्या हातानेच तो आवळतो. व्हॉल्व्ह झटकन उघडला की ऑक्सिजन रेग्युलेटरच्या इवल्याशा पोकळीत एकदम दाबला जातो आणि दाबल्यामुळे तापतो. तेल पेटायला तेवढी उष्णता पुरते, ठिणगी लागतच नाही. म्हणून आधी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून तोंडातला कचरा उडवा. मग रेग्युलेटर बसवा, त्याचा स्क्रू पूर्ण सैल ठेवा आणि डायलसमोर नव्हे, बाजूला उभं राहून व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. आटे फिरतच नसतील तर रेग्युलेटर बदला. तेल नको, टेफ्लॉन टेपही नको.

दुसरी सवय संध्याकाळी दिसते: ऑक्सिजनची नळी धरून शर्टावरची धूळ उडवायची. कापडात मुरलेला ऑक्सिजन लगेच निघून जात नाही. त्यानंतर कुणी विडी पेटवली की शर्ट अंगावरच पेटतो. याहून वाईट म्हणजे टाकीत उतरलेल्या वेल्डरला ‘जरा हवा मिळू दे’ म्हणून आत ऑक्सिजन सोडणं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. २३-२४च्या पुढे गेला की साधी ठिणगी आवरत नाही. हवा हवी असेल तर ब्लोअर लावा. बंद टाकीत वेल्डिंगसाठी आर्गॉन किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वापरतानाही ब्लोअर हवाच: दोन्ही हवेपेक्षा जड, तळाशी साचतात. आर्गॉनला तर वासही नसतो, माणूस न खोकता कोसळतो. मदतीला धावलेला दुसराही तसाच जातो.

टॉर्च, म्हणजे ज्योत निघते ते हातातलं अवजार, फटफट करतोय? बहुतेक वेळा नोझल पत्र्याला टेकलेलं असतं, तापलेलं असतं, नाहीतर तोंडाशी मळ साचलेला असतो. कधी गॅसचं प्रेशर कमी पडतं. हे निस्तरता येतं. पण ज्योत आत ओढली जाऊन शिट्टीसारखा आवाज आला आणि काळा धूर दिसला, तर टॉर्चवरचा ऑक्सिजन आधी बंद करा, मग लगेच ॲसिटिलीन. ज्योत नळीतून मागे सिलिंडरकडे जाऊ न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर असतात ते याचसाठी. ‘प्रेशर खातो’ म्हणून ते काढून ठेवणारे कारागीर आहेत. तक्रार खरी असेल तर अरेस्टर बदला, काढू नका.

डीए सिलिंडर उभाच हवा, कारण आत सच्छिद्र भरावात ॲसिटोन असतो आणि गॅस त्यात विरघळलेला असतो. आडव्या सिलिंडरमधून किंवा मोठं नोझल लावून फार वेगाने गॅस ओढला की ॲसिटोनही नळीत येतो. तासाला सिलिंडरमधल्या गॅसच्या एक सप्तमांशाहून जास्त ओढू नये. नळीतलं प्रेशर एक किलोच्या वर नेऊ नका. मोकळं ॲसिटिलीन त्यापुढे हवेशिवायही फुटू शकतं. नळी तुटली तर तांब्याचा तुकडा घालून जोडायची नाही: तांबं आणि ॲसिटिलीन मिळून स्फोटक संयुग तयार होतं. व्हॉल्व्हची चावी काम चालू असताना व्हॉल्व्हवरच राहू द्या, मिस्त्रींच्या खिशात नको. सिलिंडरचं अंग हाताला गरम लागलं तर व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यांना लांब न्या, अग्निशमन दलाला बोलवा आणि दुरूनच पाणी मारा.

कटिंगला घरगुती एलपीजी लावणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी चालतं. त्यात सिलिंडरवर बर्फ जमला की तो टॉर्चने शेकणारेही आहेत. यावर काय बोलणार!

गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने, काडीने नाही. आणि सिलिंडर गाडीवर असतानाच त्याचा खांदा, म्हणजे व्हॉल्व्हखालचा गोल भाग, वाचा. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेच्या) देखरेखीखाली चालणाऱ्या नियमांप्रमाणे ऑक्सिजन सिलिंडरची ठरावीक मुदतीने चाचणी होते आणि तारीख तिथे ठोकलेली असते. ती सापडत नसेल किंवा जुन्या रंगावर दुसराच रंग मारलेला दिसला, तर तो उतरवूनच घेऊ नका.